आमचं विलीनीकरण

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला गावात कोणी अध्यक्ष करत नाही. त्याला खजिनदार करतात. गणपती मंडळ असो, भजनी मंडळ असो, की कुणाच्या लग्नात आहेराची पाकिटं सांभाळायची असोत, 'ते बँकेत आहेत की ओ' या एका वाक्यावर माझी नेमणूक होत आली आहे. मी दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो म्हणून संध्याकाळीही दुसऱ्यांचेच मोजावेत, असं लोकांना का वाटतं कोण जाणे! हलवायाला घरी जेवायला बोलावून कोणी जिलब्या तळायला बसवत नाही.

तर अशा रीतीने मी कुंभारीच्या आमच्या वाचनालयाचा खजिनदार झालो. कुंभारी म्हणजे सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की लागणारं गाव. स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या आमच्यासमोरून भरधाव जातात आणि परत येतानाही तशाच भरधाव येतात. थांबत कोणी नाही. गावठाणात आमचं वाचनालय आहे. दोन खोल्या, सात कपाटं, टोले देणारं पण वेळ न दाखवणारं एक घड्याळ, आणि ज्यांनी जागा दिली त्या दात्याची हार घातलेली तसबीर. सरकारच्या प्रतवारीत आम्ही 'ड' वर्गात आहोत. अ, ब, क, ड अशा चार पायऱ्या आहेत आणि आम्ही स्थापनेपासून पहिल्या पायरीवर भक्कम उभे आहोत. रोजचे वाचक अकरा. त्यांतले सात पेपरसाठी येतात, तीन पंख्यासाठी, आणि एक गृहस्थ का येतात ते मला अजून कळलेलं नाही.

एका रविवारी आमच्या कार्यकारिणीपुढे तिघीजणी येऊन बसल्या. पलीकडच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या. ही वसाहत म्हणजे महिला विडी कामगारांनी सहकारी संस्था काढून उभी केलेली दहा हजार घरं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यानंतर कुंभारीच्याच शिवारात रे नगर उभं राहिलं आणि १९ जानेवारी २०२४ ला तिथली पहिली पंधरा हजार घरं पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. म्हणजे आमच्या गावाशेजारी पंचवीस हजार घरं आली आणि आमचे वाचक अकराच राहिले. हे गणित बी.कॉम. झालेल्या खजिनदाराला कधी खटकलं नव्हतं, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

त्या तिघींची एक अभ्यासिका होती. रीतसर नोंदलेली, पण भाड्याच्या एका खोलीत भरणारी. तिची चिटणीस बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. ती म्हणाली, "सर, आमच्याकडं पोरं-पोरी आहेत, बसायला जागा नाही. तुमच्याकडं जागा आहे, आणि..." इथे ती संकोचून थांबली.

"आणि पोरं नाहीत," आमच्या उपाध्यक्षांनी वाक्य पुरं केलं. त्यांचं किराणा दुकान आहे. माल नसला की 'नाही' म्हणायची त्यांना सवय आहे.

"तर दोन्ही संस्था एक कराव्या म्हणतो," मुलगी म्हणाली.

सभेत शांतता पसरली. घड्याळाने दुपारी चार वाजता अकरा टोले दिले.

आता वाचकहो, मराठी माणसाला संस्था काढता येते आणि फोडताही येते. जोडणं मात्र त्याच्या अभ्यासक्रमातच नाही. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १८९० साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. १८७० सालची सार्वजनिक सभा टिळकांच्या पक्षाच्या हाती गेली, तर रानडे-गोखल्यांच्या मंडळींनी १८९६ साली डेक्कन सभा काढली. एवढी थोर माणसं एका सतरंजीवर मावली नाहीत, तिथे आम्ही कुंभारीतले सात जण आणि त्या तिघी कशा मावणार?

माझी अडचण याहून वेगळी होती. विलीनीकरण हा विषय मी शिकलो होतो. बी.कॉम.ला त्यावर एक अख्खं प्रकरण असे. अ लिमिटेड आणि ब लिमिटेड दोघांनी मरून क लिमिटेड जन्माला घातली, तर ते अमालगमेशन. अ लिमिटेडने ब लिमिटेडला गिळून वर ढेकर दिला, तर ते अ‍ॅब्सॉर्प्शन. दोन्हींत शेवटी ताळेबंद जुळला की सुखान्त. त्यात गुडविल नावाचा एक रकाना असे. घेतलेल्या मालमत्तेहून जास्त किंमत मोजली, की फरक तिथे टाकायचा. सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत या रकान्यात बहुधा उणे आकडा येतो, हे मात्र आम्हांला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि नुसतं शिकलोच होतो असं नाही, भोगलंही होतं. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्यांत आमची एक होती. देश टाळेबंदीत, तारीख एप्रिल फूलची, आणि मी आदल्या दिवशी ज्या बँकेचं दार लावून घरी गेलो त्याच दारातून सकाळी दुसऱ्याच बँकेत शिरलो. खुर्ची तीच, टेबल तेच, टेबलाची एक विटेवर उभी असलेली तंगडीही तीच. फक्त पाटी बदलली. पेन्शनला येणाऱ्या एका आजीबाईंना मी हे समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बँक गेली म्हन्तोस, मग तू कसा हितं?" या प्रश्नाचं उत्तर तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनीच द्यावं. पाटी, माणसं, खाती, भिंती यांतली नेमकी कोणती गोष्ट म्हणजे बँक? काय गेलं असतं तर बँक गेली, असं म्हणता आलं असतं?

पण बँकेचं एक बरं असतं. तिला मालक असतो. भागधारकाला एका भागाऐवजी दुसरे किती भाग द्यायचे याचं प्रमाण ठरतं. तो पुटपुटतो, पण घेतो. आमच्या वाचनालयाचा मालक कोण? जागा देणारा दाता तसबिरीत. सभासद वर्गणी भरतात पण येत नाहीत. वाचक येतात, पण त्यांतल्या निम्म्यांना मत नाही. आणि ज्यांच्यासाठी हे सारं चालवायचं, त्यांतली पुष्कळ मंडळी अजून जन्मालाच यायची आहेत. मग विचारायचं कुणाला? तसबिरीला की पाळण्याला?

कायद्याने यावर आपल्या परीने विचार केलेला आहे. १८६० सालचा संस्था नोंदणीचा कायदा सांगतो की, एकत्र यायचं असेल तर प्रस्ताव लिहून दहा दिवस आधी सभासदांना पाठवा. खास सभा घ्या. सभासदांपैकी तीन-पंचमांशांची मतं मिळवा. आणि एवढं करूनही भागत नाही. एक महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन हजर असलेल्यांच्या तीन-पंचमांशांनी तेच पुन्हा कायम करा. सार्वजनिक विश्वस्त संस्था असली तर पुढे धर्मादाय आयुक्तांचं दार आहेच; १९५० च्या कायद्याच्या कलम ५० अ प्रमाणे योजना त्यांनी करायची. मला त्या महिन्याच्या अंतराचं फार कौतुक वाटलं. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये जसा वेळ ठेवतात तसा हा वेळ. एकमेकांच्या घरी जाऊन, चहा पिऊन, काय ते बघून घ्या, असं त्या जुन्या कायद्याला म्हणायचं असावं.

पहिल्या सभेची तयारी माझ्याकडे आली. रजिस्टरवर ९१ सभासद निघाले. त्यांतले ३१ कैलासवासी. वर्गणीच्या थकबाकीत त्यांची नावं मी वर्षानुवर्षं इमानाने पुढे ओढत आलो होतो. उरले ६०, म्हणजे ३६ मतं हवीत.

सभा रंगली. आमचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, "अक्कलकोट संस्थान १९४८ साली विलीन झालं. म्हणून अक्कलकोट बुडालं का?"

"राजाला तनखा मिळत होता, मास्तर. आपल्याला काय मिळणार?" मागून कोणीतरी विचारलं.

"तोही १९७१ साली बंद झाला," मास्तर म्हणाले. यातून त्यांना नक्की काय सिद्ध करायचं होतं, ते त्यांनाही नंतर आठवेना.

उपाध्यक्षांनी मधला मार्ग काढला. "साहित्य महामंडळासारखं करू. पुणे, मुंबई, विदर्भ, मराठवाडा, चार संस्था १९६१ साली एकत्र आल्या. पण कुणी विरघळलं का? नाही! प्रत्येकाचं घर वेगळं, आणि महामंडळाचं कार्यालय तीन तीन वर्षांनी एकेकाकडं." कल्पना चांगली होती. पण त्या चार संस्थांना आपापलं छप्पर होतं आणि आपापली माणसंही होती. इथे एकाकडे नुसतं छप्पर आणि दुसरीकडे नुसती माणसं. याचा महासंघ केला असता तर आंधळा एका समितीत बसला असता, लंगडा दुसऱ्या समितीत, आणि दोघांच्या बैठकीचा चहा मी मंजूर केला असता.

मग एक जुने वाचक उठले. त्यांनी फार चांगला मुद्दा मांडला. ते म्हणाले, "आपल्या घटनेत पहिला उद्देश लिवलाय, गावातल्या लोकांना वाचनाची गोडी लावणे. त्यांच्याकडं काय आहे? गाईडं! गाईड वाचणं म्हणजे वाचन न्हवं ओ, ते औषध घेणं झालं. उद्या सगळीकडं 'शांतता राखा' अशा पाट्या लागतील. मग कादंबरी वाचून कुणी मोठ्यानं हसायचं का न्हाई?"

हा मुद्दा मला लगेच पटला. पटला म्हणजे सापडला. मी तो उचलून अर्धा तास बोललो. दुसऱ्या संस्थेत मिसळून आपण वाचलो आणि आपला उद्देश बुडाला, तर वाचलं ते काय? देह राहिला आणि प्राण गेला, तर त्याला आपण जगणं म्हणत नाही, वगैरे. भाषण उत्तम झालं. प्रस्तावाच्या बाजूने ३७ मतं पडली. एका मताने मी हरलो.

घरी आलो तो तणतणतच. बायकोने ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी वाढली आणि विचारलं, "तुमचं नक्की काय जाणार आहे?"

"संस्थेचं नाव जाईल. स्वतंत्र अस्तित्व जाईल. एवढ्या वर्षांची परंपरा—"

"अहो, मी बार्शीहून या घरात आले तेव्हा माझं आडनाव गेलं, सासूबाईंनी नावसुद्धा बदललं. तेव्हा तीन-पंचमांश मतं कुणी घेतली होती?"

मी घास गिळला.

"आणि आता जी चटणी खाताय ती कुणाच्या घरची? माझ्या आईची. तुमच्याकडं लसूण घालायला पण शिकवावं लागलं मला. नाव गेलं ते गेलं. हात राहिला की नाही?"

माझ्यासारख्या कॉमर्सच्या माणसाला हे कळायला वेळ लागतो. नाव ही एक गोष्ट आणि हात ही दुसरी. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी मनाशी प्रामाणिक हिशेब मांडला. विलीन झाल्यावर माझं काय जाणार? यादी केली. तिच्यात एकच नोंद निघाली. किल्ली. वाचनालयाच्या पैशाच्या पेटीची ती छोटी पितळी किल्ली, जी गेली बारा वर्षं माझ्या जानव्यापेक्षा जास्त निष्ठेने माझ्याजवळ आहे. त्या पेटीत एका वेळी कधी चारशे रुपयांहून जास्त नसतात. तरीपण बँकेत तिजोरीची किल्ली माझ्यासारख्याच्या हाती येत नाही, आणि इथे होती. 'उद्देश भिन्न आहेत' हे अर्ध्या तासाचं भाषण त्या किल्लीने केलं होतं. मी नुसते ओठ हलवले होते.

तरीही त्या जुन्या वाचकांचा मुद्दा खोटा होता का? नव्हता. हीच तर खरी गोम आहे. माणूस चुकीच्या कारणासाठी बरोबर मुद्दा मांडू शकतो. म्हणून मी ठरवलं की महिना आहे, तर जाऊन बघावं.

वसाहतीतली ती खोली दहा बाय बाराची. आत चौदा मुलं-मुली जमिनीवर बसलेली. जागा कमी म्हणून पाळ्या लावलेल्या, गिरणीत असायच्या तशा. बाहेर उंबऱ्याशी चिटणीस मुलीची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. पान कापलेलं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. माझ्याशी बोलताना तिचे हात एकदाही थांबले नाहीत. मी नोटा मोजतो तेव्हा कोणी बोललं तर पहिल्यापासून मोजाव्या लागतात.

मी मुलीला विचारलं, "गोष्टीची पुस्तकं वाचतेस का ग? की नुसती परीक्षेची?"

"मिळाली तर वाचू की, सर. मागं तुमच्याकडं आलो होतो आम्ही दोघी. सभासद व्हायचं तर दोन जुन्या सभासदांची सही लागते म्हणाले. आम्ही कुणाला ओळखत नव्हतो."

तो नियम मला माहीत होता. तो खजिनदाराच्या सूचनेवरूनच झाला होता. पुस्तकं बुडू नयेत म्हणून. पुस्तकं बुडाली नाहीत. सातही कपाटं काठोकाठ आहेत.

विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, "तुमच्या वसाहतीला ज्यांचं नाव आहे त्या कोण होत्या, ठाऊक आहे?"

"कामगारांच्या पुढारी होत्या."

"त्यांनी पुस्तक लिहिलंय."

"गोदूताईंनी? पुस्तक?" आता मात्र आईचे हात थांबले.

त्या संध्याकाळी मी वाचनालयाचं तिसरं कपाट उघडलं. 'जेव्हा माणूस जागा होतो' तिथे होतं. गोदावरी परुळेकरांनी ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये राहून जे पाहिलं, जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध ती माणसं १९४५ साली कशी उठली, त्याची ही हकिगत. १९७२ साली साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालेलं पुस्तक. आतल्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के पाहिले. शेवटचा शिक्का माझ्या मुंजीच्या आधीचा होता. हाकेच्या अंतरावर तिच्या नावाची दहा हजार घरं, आणि तिचं पुस्तक आमच्या कुलपात. आणि त्या कुलपाला आम्ही 'परंपरा' म्हणत होतो.

मी ते स्वतःच्या नावावर काढून नेऊन दिलं. आठवड्याने मुलगी परत घेऊन आली. म्हणाली, "रात्री मोठ्यानं वाचत होते, सर. आई विड्या वळत ऐकायची. मग शेजारच्या दोघी सूप घेऊन आल्या. मग सहा झाल्या." थोडं थांबून म्हणाली, "आईनं विचारलंय, दुसरं कुठलं आहे?"

वाचनाची गोडी लावणे, हा आमचा उद्देश क्रमांक एक. घटना मंजूर झाल्यापासून तो इतक्या शुद्ध स्वरूपात अमलात आलेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तोही वाचनालयाच्या बाहेर.

तेव्हापासून माझं मत असं झालं आहे. संस्था ही पणती. उद्देश ही ज्योत. पणती आपल्या आजोबांनी घडवली म्हणून तिच्यावर माया असावी. पण तेल एकीकडे आणि वात दुसरीकडे ठेवून दोन्ही पणत्या धुऊन-पुसून जपणं, याला दिवाळी म्हणत नाहीत. उलट केवळ खर्च वाचतो, अनुदान वाढतं, अहवाल जाड होतो म्हणून एक व्हायचं, आणि त्या भरात ज्योतच विझवायची, हेही पाप. म्हणून विचारायचा प्रश्न 'आपलं काय राहील?' हा नाही. उद्या आपली सगळ्यांची नावं पुसली गेली, तरी पुस्तक त्या उंबऱ्यापर्यंत पोचेल का, हा आहे. हो असेल तर विरघळावं. नसेल तर कोणी कितीही साखर दाखवली तरी विरघळू नये.

दुसऱ्या सभेला ४५ जण आले. २७ मतं पुरे होती, ३९ पडली, आणि त्यांत माझं एक होतं. जुन्या वाचकांच्या मुद्द्याला मान देऊन तीन अटी घातल्या. नव्या घटनेत पहिला उद्देश वाचनाच्या गोडीचाच राहील. एका खोलीत शांतता आणि दुसऱ्या खोलीत हसायला, भांडायला, मोठ्याने वाचायला मोकळीक. आणि तो दोन सह्यांचा नियम रद्द. ही सूचनाही खजिनदारानेच मांडली. दात्याची तसबीर जागेवरच आहे. नव्या संस्थेचं नाव मात्र मी इथे सांगत नाही, कारण त्यावर सलग चार बैठका झाल्या असून पाचवी येत्या रविवारी आहे. शेवटी आपण मराठी माणसं आहोत!

रीतसर मंजुरी यायची आहे. तोवर दोन्ही संस्थांची मिळून एक समिती कारभार बघते. घड्याळ कोणीतरी दुरुस्त करून आणलं. आता ते चारला चारच टोले देतं आणि मला उगीच चुकल्यासारखं वाटतं. संध्याकाळी शांततेच्या खोलीत जागा मिळत नाही. दुसऱ्या खोलीत शनिवारी आठ-दहा बायका सूप घेऊन येतात आणि ते जुने वाचक त्यांना कादंबरी वाचून दाखवतात. पंख्यासाठी येणारे तिघेही ऐकत बसतात.

समितीच्या पहिल्या बैठकीत खजिनदार कोण, हा विषय निघाला. मी नम्रपणे खाली बघत बसलो. कोणीतरी 'ते बँकेत आहेत की ओ' म्हणेल याची वाट पाहत होतो. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "ही चिटणीस पोरगी बी.कॉम. झालीय. तिच्याकडंच द्या."

मी पितळी किल्ली तिच्या हातावर ठेवली. चार दिवसांनी ती माझ्या घरी आली. हातात माझी बारा वर्षांची कीर्द.

"सर," ती अगदी आदराने म्हणाली, "सदतीस रुपयांचा फरक येतोय."

मी ते भरले. गुडविल म्हणून.